ग्रंथ विकत मिळायचे, आता फक्त वाचायची परवानगी मिळते : ग्रंथालयाच्या करारनाम्याचा इतिहास आणि आपला हिस्सा

बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी राजगृह बांधले, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. त्या संग्रहातला मोठा भाग पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांत गेला, हेही अनेकांना माहीत आहे. पण एक साधी गोष्ट आपण लक्षात घेत नाही. बाबासाहेब ते ग्रंथ देऊ शकले, कारण ते ग्रंथ त्यांच्या मालकीचे होते. न्यूयॉर्कच्या किंवा लंडनच्या दुकानदाराला पैसे मोजले, की पुस्तक आपले झाले. ते कुणाला वाचायला द्यायचे, कुठल्या कॉलेजला दान करायचे, पुढच्या पिढीच्या हाती कसे सोपवायचे, यात प्रकाशकाला बोलायची सोय नव्हती.

आज एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाला विचारा, की गेल्या वर्षी जी इलेक्ट्रॉनिक जर्नल्स घेतली त्यातली आपल्या मालकीची किती? बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, 'तसे पाहिले तर एकही नाही.' विद्यापीठ पैसे भरते, पण वस्तू विकत घेत नाही. ते एका करारावर सही करते. त्या कराराला परवाना म्हणतात. कोण वाचेल, कुठे बसून वाचेल, किती पाने छापेल, मुदत संपल्यावर काय उरेल, हे सगळे त्या परवान्यात लिहिलेले असते. वाचणाऱ्या विद्यार्थ्याने तो कागद कधी पाहिलेला नसतो.

मित्रांनो, या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. ज्ञान कुणाला मिळणार हे पूर्वी रूढी ठरवत होती, मग कायद्याने दार उघडले, आणि आता तोच प्रश्न एका व्यावसायिक करारातल्या व्याख्येवर येऊन थांबला आहे. तो करार वाचणे आणि त्याच्या वाटाघाटीत आपला आवाज असणे हे शिक्षणहक्काच्या चळवळीचे काम आहे. हे ग्रंथपालांचे तांत्रिक काम म्हणून सोडून दिले, तर नुकसान आपलेच आहे.

छापील पुस्तकाचा काळ

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर हा तरुण कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. पुढे लंडनला असताना तो ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात तासन् तास बसून वाचत असे. त्या वाचनालयात जागा मिळायला म्युझियमचा विद्यार्थी असावे लागत नव्हते. वाचकाचे तिकीट मिळाले, की ज्ञानाचा तो सगळा साठा समोर असे.

छापील ग्रंथाचे हे वैशिष्ट्य होते. प्रत एकदा विकली, की त्या प्रतीवरचा प्रकाशकाचा ताबा संपत असे. नक्कल करून विकायला मनाई होती, पण उसनी देणे, दान करणे, जुन्या बाजारात विकणे याला कुणाची परवानगी लागत नसे. सगळी ग्रंथालये याच तत्त्वावर उभी राहिली. आपल्या वस्त्यांतली, विहारांतली छोटी वाचनालयेही अशीच दान आलेल्या पुस्तकांवर वाढली.

जर्नलचा धंदा कसा उभा राहिला

दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञानावर सरकारी पैसा ओतला जाऊ लागला. रॉबर्ट मॅक्सवेल या माणसाने १९५१ मध्ये एक छोटी प्रकाशन कंपनी ताब्यात घेऊन तिला पर्गमॉन प्रेस हे नाव दिले. त्याच्या लक्षात आले ते असे. संशोधक लेख लिहून देतात आणि त्याचे पैसे मागत नाहीत. दुसरे संशोधक तो लेख तपासतात, तेही फुकट. त्या सगळ्यांचे पगार आणि प्रयोगशाळा जनतेच्या पैशातून चालतात. आणि तयार माल विकत घ्यायला विद्यापीठांची ग्रंथालये बांधलेलीच आहेत, कारण एका जर्नलच्या जागी दुसरे जर्नल चालत नाही. १९९१ मध्ये पर्गमॉन एल्सव्हिअरकडे गेली. थोड्याच कंपन्यांच्या हाती जगभरातली जर्नल्स जमा होत गेली आणि वर्गणीचे दर वाढत गेले.

मग इंटरनेट आले. १९९६ मध्ये अॅकॅडेमिक प्रेस या प्रकाशकाने आपली सगळी जर्नल्स एकत्र बांधून ग्रंथालयांच्या संघांना एकाच करारात देण्याची पद्धत सुरू केली. एकेक जर्नल निवडू नका, सगळा गठ्ठा घ्या, आणि दरवर्षी ठरल्याप्रमाणे रक्कम वाढवत राहा. या पद्धतीला 'बिग डील' हे नाव पडले. २००१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ग्रंथपाल केनेथ फ्रेझियर यांनी लेख लिहून सावध केले, की या गठ्ठ्यात एकदा शिरलात तर बाहेर पडणे कठीण होईल. झाले तसेच. गठ्ठा सोडला तर एका रात्रीत शेकडो जर्नल्स बंद होतात आणि प्राध्यापक ओरडतात. गठ्ठा ठेवला तर पुस्तकांच्या खरेदीला पैसे उरत नाहीत.

मालकीचा प्रश्नही याच काळात बदलला. छापील अंक वर्गणी बंद झाली तरी कपाटात राहत असे. इलेक्ट्रॉनिक अंक प्रकाशकाच्या संगणकावर असतो. मुदत संपल्यावरही, ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक वाचायला मिळतील, असे करारात स्पष्ट लिहून घेतले नसेल, तर दहा वर्षे पैसे भरूनही हातात शून्य राहू शकते.

करारात काय असते

परवाना म्हणजे पंधरा-वीस पानांचा इंग्रजी मसुदा. त्यातली काही कलमे प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवीत.

पहिले कलम 'अधिकृत वापरकर्ता' कोण हे सांगते. साधारणपणे नाव दाखल असलेले विद्यार्थी, नोकरीतले प्राध्यापक आणि कर्मचारी. या व्याख्येच्या बाहेर जो असेल तो ग्रंथालयाच्या दारात उभा असला तरी कराराच्या दृष्टीने परका. दुसरे कलम 'येऊन वाचणाऱ्यां'चे. ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन तिथल्या संगणकावर वाचणाऱ्या कुणाही नागरिकाला परवानगी द्यावी, असे कलम ग्रंथपालांनी तयार केलेल्या नमुना परवान्यांत असते. ते करारात येते की नाही, हे मागणाऱ्यावर अवलंबून. तिसरे कलम दुसऱ्या ग्रंथालयाला लेखाची प्रत पाठवण्याचे. चौथे मुदतीनंतरच्या वाचनाचे. पाचवे दरवाढीच्या मर्यादेचे. आणि सहावे, सगळ्यात घातक, गोपनीयतेचे. म्हणजे किंमत किती दिली हे ग्रंथालयाने कुणाला सांगायचे नाही.

हे सहावे कलम कसे फोडले गेले, तो इतिहास वाचण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या काही अर्थतज्ज्ञांनी माहिती अधिकाराच्या तिथल्या कायद्यांखाली सार्वजनिक विद्यापीठांकडे हे करार मागितले. २००९ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने करार देऊ नये म्हणून एल्सव्हिअर न्यायालयात गेली. न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मानले नाही. २०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जाहीर केले, की यापुढे गोपनीयतेच्या कलमावर आम्ही सही करणार नाही. २०१४ मध्ये त्या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास छापून आला. २००९ साली एल्सव्हिअरच्या गठ्ठ्यासाठी मिशिगन विद्यापीठ सुमारे २१.६ लाख डॉलर मोजत होते आणि त्याच्याच तोडीचे विस्कॉन्सिन विद्यापीठ सुमारे १२.२ लाख. एकाच दुकानात दोन गिऱ्हाइकांना दोन भाव, आणि दोघांनाही एकमेकांचा भाव सांगायची बंदी! गुप्तता कुणाच्या फायद्याची असते, हे यावरून कळते.

आपल्याकडचा प्रवास

भारतात या कामाची सुरुवात पुण्याशी जोडलेली आहे. विद्यापीठांची ग्रंथालये जोडण्यासाठी १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्फ्लिबनेट हा प्रकल्प पुण्याच्या आयुका संस्थेअंतर्गत सुरू केला. १९९६ मध्ये ती स्वतंत्र संस्था झाली. आज तिचे मुख्यालय गांधीनगरला आहे. एकेकट्या विद्यापीठाने प्रकाशकाशी भाव करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून करावा, हा विचार पुढे आला. आयआयटीसारख्या संस्थांसाठी इंडेस्ट हा संघ उभा राहिला. डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते विद्यापीठांसाठी यूजीसी-इन्फोनेटचा डिजिटल ग्रंथालय संघ सुरू झाला.

इथे एक क्रम पाहा. आधी आयआयटी आणि विद्यापीठे. महाविद्यालये त्यानंतर. त्यांच्यासाठीची एन-लिस्ट योजना २०१० मध्ये आली, आणि तीही यूजीसीच्या मान्यतेच्या यादीतली कॉलेजे डोळ्यांसमोर ठेवून. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए., एम.ए. करणारी आपली मुले या रांगेत शेवटी उभी होती. २०१५ मध्ये हे तिन्ही प्रवाह एकत्र करून ई-शोधसिंधू झाले.

मग २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र एक सदस्यता' ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक संस्था आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी-शिक्षक-संशोधक.

या योजनेचे स्वागत करायला हवे. गडचिरोलीच्या किंवा नांदेडच्या सरकारी विद्यापीठातला विद्यार्थी आणि दिल्लीच्या आयआयटीतला विद्यार्थी एकच जर्नल उघडू शकतो, ही छोटी गोष्ट नाही. सगळ्या देशाने मिळून भाव केला तर प्रकाशकावर दबाव येतो, हेही खरे. जो याला सरसकट विरोध करतो त्याने आपल्या मुलांना पर्याय काय, ते सांगावे.

पण स्वागत करून गप्प बसणे ही बाबासाहेबांची पद्धत नव्हती. हिशोब करा. वर्षाला २,००० कोटी म्हणजे १.८ कोटी डोक्यांना माणशी साधारण अकराशे रुपये. हे पैसे आपल्या सगळ्यांच्या करातून जातात. काडेपेटी घेणारा शेतमजूरही त्यात भर घालतो. मग ज्या करारांवर हे पैसे जातात ते करार कलमांसकट जनतेसमोर का नसावेत?

बाहेर कोण राहते

योजनेचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. 'सरकारी व्यवस्थापन' हे दोनच शब्द. त्यांचा अर्थ काय होतो ते पाहा. देशातली तीनचतुर्थांशाहून अधिक महाविद्यालये खासगी व्यवस्थापनाची आहेत. महाराष्ट्रात तर बहुजनांचे उच्चशिक्षण संस्थाचालकांच्या कॉलेजांतूनच झाले. खुद्द बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही अशीच एक संस्था, आणि भाऊराव पाटलांची रयतही. ही कॉलेजे सरकारच्या व्यवस्थापनाखाली चालत नाहीत. खासगी संस्था आणि त्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्व नागरिक असे पुढचे टप्पे बोलून दाखवले गेले आहेत. पण बोललेला टप्पा आणि करारात लिहिलेले कलम यांत फरक असतो.

हा फरक आपल्याइतका कुणाला ठाऊक आहे? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा बोले ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावे लागले. त्यानंतर विरोधक न्यायालयात गेले ते मालकी आणि वहिवाट या मुद्द्यांवर, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. ठराव हाती आला की पाणी हाती आले, असे समजू नका, हा महाडचा धडा आहे.

आता बाहेर राहणाऱ्यांची यादी करा. विनाअनुदानित कॉलेजात शिकणारी मुलगी. पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा, ज्याचे लॉगिन निकालासोबत बंद झाले. फेलोशिप संपलेला पण प्रबंध न संपलेला संशोधक. तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक, ज्याचे नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत वर्षातून काही महिनेच असते. कार्यकर्ता, पत्रकार, वकील, गावातला शिक्षक. 'अधिकृत वापरकर्ता' या व्याख्येत जातीचा उल्लेख कुठेच नसतो. तरीही ती व्याख्या ज्यांना गाळते त्यांत आपली माणसे जास्त सापडतात, कारण कायम नोकरी, सरकारी कॉलेज आणि सलग शिक्षण यांपासून आपल्याच लोकांना दूर ठेवले गेले.

आणि आत काय बंद आहे? जात, अस्पृश्यता, आरक्षण, अत्याचार, दलित स्त्रिया, नवबौद्ध समाज यांवरचे कितीतरी संशोधन. आपल्या वस्त्यांत येऊन मुलाखती घेतल्या, आपल्या आयांनी चहा पाजून माहिती दिली, आणि तयार झालेला लेख वाचायला आपल्याच मुलाकडून डॉलरमध्ये पैसे मागितले जातात. ज्याच्यावर लिहिले त्यालाच वाचता येत नाही. याला ज्ञाननिर्मिती म्हणायचे की नवी बलुतेदारी?

'पायरसी आहेच की' म्हणणाऱ्यांना

अनेक तरुण म्हणतात, करार कशाला वाचायचा, साय-हब आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये मोठ्या प्रकाशकांनी साय-हबविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश झाला. चोरवाटेवर चळवळ उभी राहत नाही. चोरवाट कधीही बंद होते, आणि तोवर हक्क मागायची सवयही मोडलेली असते.

याच न्यायालयातली दुसरी लढाई आपल्या उपयोगाची आहे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथले रामेश्वरी हे झेरॉक्सचे दुकान यांच्यावर दावा केला. विद्यार्थी मुकाट बसले नाहीत. त्यांनी संघटना काढली आणि ते खटल्यात पक्षकार झाले. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती एंडलॉ यांनी दावा फेटाळला. अपिलात खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, पण शिकवण्यासाठी प्रती काढण्याची कॉपीराइट कायद्यातली सूट उचलून धरली. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

मात्र हा निकाल कॉपीराइट कायद्यातल्या सवलतीवरचा आहे. इलेक्ट्रॉनिक परवाना हा करार आहे. कायद्याने दिलेली सवलत करारात सही करून गमावली जाऊ शकते. ब्रिटनने २०१४ मध्ये संगणकाने लेखांचे विश्लेषण करण्याची सवलत संशोधकांना देताना, करारातले कुठलेही कलम तिच्या आड येणार नाही, असे कायद्यातच लिहिले. तशी मागणी आपण का करू नये?

आणखी एक उदाहरण. बाबासाहेबांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या ग्रंथांवरचा कॉपीराइट ६० वर्षांची मुदत संपून १ जानेवारी २०१७ पासून उरलेला नाही. ते ग्रंथ आता सगळ्यांचे आहेत. पण तोच मजकूर एखाद्या कंपनीच्या डेटाबेसमधून परवान्याखाली घेतला, तर प्रत किती पानांची काढायची आणि कुणाला द्यायची यावर करार अटी घालू शकतो. कॉपीराइट संपला तरी कुलूप शिल्लक राहते, ते असे.

उठून जाण्याची ताकद

वाटाघाटीत ताकद कुठून येते? उठून जाण्याच्या तयारीतून. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने एल्सव्हिअरशी बोलणी तोडली. दोन वर्षे त्यांनी नवे अंक न घेता काढली. प्राध्यापक ग्रंथपालांच्या पाठीशी उभे राहिले. मार्च २०२१ मध्ये करार झाला तो त्यांच्या संशोधकांचे लेख सर्वांना मोफत वाचायला मिळतील या अटीसह. पण अशा करारांतून दुसरे दार तयार होत आहे. वाचकाऐवजी लेखकाकडून प्रकाशनाचे पैसे घेण्याचे. ज्या विद्यापीठाकडे पैसे नाहीत, त्याचा संशोधक मग वाचू शकेल पण छापू शकणार नाही. आपल्याला दोन्ही दारे तपासावी लागतील.

भारतातही चांगला पायंडा आहे. २००९ च्या यूजीसी नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावे लागतात आणि इन्फ्लिबनेटच्याच शोधगंगेवर ते कुणीही फुकट वाचू शकतो. त्यात मराठी प्रबंधही आहेत. तिथे लॉगिन लागत नाही, ओळखपत्र लागत नाही. जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेला खुले ठेवता येते, याचा हा देशी पुरावा.

मागण्या

एक. सार्वजनिक पैशातून केलेला प्रत्येक परवाना कलमांसकट जाहीर करा. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. व्यापारी गुपिताची सबब दाखवली जाईल. त्याच कलम ८(१)(ड) मध्ये व्यापक जनहिताचा अपवाद आहे, तो अर्जात नमूद करा.

दोन. 'अधिकृत वापरकर्ता' या व्याख्येत माजी विद्यार्थी, तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि मुदत संपलेले संशोधक घ्या, आणि ग्रंथालयात येऊन वाचणाऱ्या प्रत्येक नागरिकासाठी कलम घाला.

तीन. २०२७ नंतरचा करार होण्याआधी अनुदानित, विनाअनुदानित महाविद्यालये आणि जिल्हा ग्रंथालये त्यात लेखी आली पाहिजेत.

चार. ज्या वर्षांचे पैसे भरले त्या वर्षांचे अंक कायम वाचायला मिळाले पाहिजेत.

पाच. कुठल्या संस्थेत किती लेख उघडले गेले याचे आकडे प्रकाशकांकडून ग्रंथालयांना मिळतात. ते जाहीर करा, म्हणजे १.८ कोटींपैकी खरोखर किती जणांपर्यंत हे पोहोचले ते कळेल. जिथे आकडा कमी आहे तिथे ग्रंथपालाचे पद भरलेले आहे का, तेही पाहा.

सहा. आपले जे तरुण संशोधक जर्नलमध्ये लिहितात, त्यांनी सही करण्याआधी हक्क-हस्तांतराचा कागद वाचावा आणि आपल्या लेखाची प्रत खुली ठेवण्याचा हक्क राखावा. जात-पात तोडक मंडळाने भाषणात बदल मागितला तेव्हा बाबासाहेबांनी अट मानली नाही. १९३६ मध्ये ते भाषण त्यांनी स्वतः छापले, आणि १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आपण रोज म्हणतो. यातल्या पहिल्याच शब्दाची किल्ली आता एका करारनाम्यात आहे. आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालय समितीत विद्यार्थी प्रतिनिधी आहे का, ते याच आठवड्यात विचारा. नसेल तर मागा. असेल तर त्याच्या हातात परवान्याची प्रत आहे का, ते विचारा.

जय भीम!